पद्मिनीसाठी १०० ऑक्टेन की साधं पेट्रोल आणि नीट लावलेलं टायमिंग?

आमची प्रीमियर पद्मिनी १९८६ सालची. घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनातून बांगड्या किणकिणल्यासारखा आवाज यायला लागला, तेव्हा दोन सल्ले मिळाले. एका जुन्या गाडीवाल्या मित्राने सांगितलं, १०० ऑक्टेन भर, आवाज जाईल. मिस्त्री म्हणाले, टायमिंग म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ; स्पार्क प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर थोडा मागे फिरवू, ठिणगी जरा उशिरा पडेल आणि साध्या पेट्रोलवर चालेल. मी दोन्ही करून पाहिलं, आधी वर्षभर पहिलं, नंतर दोन वर्षं दुसरं. ज्यांच्या दारात अशी गाडी उभी आहे आणि जे याच प्रश्नाशी अडलेत, त्यांच्यासाठी हा अनुभव.

या किणकिणीला नॉकिंग म्हणतात: सिलिंडरमधलं पेट्रोल दाबाने आणि उष्णतेने भलत्या वेळी आपणहून पेटतं, त्याचा तो आवाज. एक गैरसमज मात्र आधी बाजूला ठेवू. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाबाखाली आणि उष्णतेत पेट्रोल आपणहून पेट न घेता किती दम धरतं, त्याचं ते माप आहे. ठिणगी थोडी आधी पाडली तरच ताकदीसाठी त्या जास्तीच्या दमाचा उपयोग होतो. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन मूळ फियाट ११०० चं, त्या काळच्या पेट्रोलसाठी बेतलेलं. कंपनीतून आलं तसं असेल तर त्याला १०० ऑक्टेनची मुळीच गरज नाही.

मग आमचं का वाजत होतं? हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, ॲल्युमिनियमचं. गाडी दोनदा गरम झाली आणि दोन्ही वेळा ते घासून सपाट करून घेतलं होतं. घासलं की हेड तेवढं पातळ होतं आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, वाढतं. वर पिस्टनवर साठलेला कार्बन होताच. तुमच्या गाडीचं हेड कधी, किती वेळा उतरवलंय ते आधी शोधा, कारण निम्मं उत्तर तिथेच असतं.

आता १०० ऑक्टेनचं वर्ष. खोटं कशाला सांगू, ते वर्ष सुखाचं गेलं. टायमिंग थोडं पुढे घेतलं, म्हणजे ठिणगी जरा आधी, आणि टॉप गिअरला चाळीसच्या वेगाने जाताना पाय दाबला की गाडी पूर्वीपेक्षा मोकळी ओढायची. मोजमाप केलं नाही, पण स्टिअरिंग हातात असणाऱ्याला फरक कळतो. चावी बंद केल्यावर इंजिन दोन-तीन गचके देत राहायचं, तेही जवळजवळ थांबलं. हे पेट्रोल इथेनॉल नसलेलं म्हणून विकलं जातं, त्यामुळे टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या एसी पंपाच्या डायफ्रामची (रबरी पडद्याची) आणि रबरी नळ्यांची काळजी नव्हती. लिटरमागे दीडपट पैसे जायचे. महिन्याला तीनेकशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीला मला ते परवडत होतं. पैशामुळे मी ते सोडलं नाही.

सोडलं ते कुंभार्ली घाटामुळे. माझी सासुरवाडी चिपळूणची. पुण्यात टाकी भरून निघायचं, कऱ्हाड-पाटणवरून कोयनानगर आणि मग घाट उतरून खाली. परतीच्या आधी पेट्रोल घ्यावंच लागायचं, आणि मला चिपळुणात १०० ऑक्टेन काही मिळालं नाही. साधं भरलं. टाकीत निम्मं हे, निम्मं ते. त्यात मे महिना, कोकणातला उकाडा, गाडीत चार माणसं, आणि घाटाची सुरुवातच खालून. नॉकिंगला याहून पोषक परिस्थिती नसते: खालची दाट हवा सिलिंडर भरून टाकते, येणारी हवा तापलेली असते, इंजिनाचे फेरे कमी आणि पाय पूर्ण दाबलेला. १०० ऑक्टेनसाठी पुढे घेतलेलं टायमिंग तिथे उलटलं. तिसऱ्यात किणकिण, मग टकटक. दुसऱ्यात टाकली तर तापमानाचा काटा चढायला लागला. शेवटी एका वळणावर रुंद जागा बघून थांबलो, बॉनेट उघडलं, तापलेल्या इंजिनावर फडकं धरून क्लॅम्प सैल केला आणि डिस्ट्रिब्युटर अंदाजाने मागे फिरवला. जवळ टायमिंग लाईट नाही. सासूबाई उन्हात दगडावर बसलेल्या. पुण्याला आल्यावर पुन्हा १०० भरलं, पुन्हा टायमिंग पुढे. त्या वर्षात हे तीनदा झालं. माझं टायमिंग पेट्रोलशी बांधलेलं आणि पेट्रोल शहरातल्या एका पंपाशी, ही गोष्ट मला सोसली नाही. जुनी गाडी ठेवायची ती गावाला जाता यावं म्हणूनच ना?

दुसऱ्या वर्षी मिस्त्रींकडे गेलो आणि काम मुळापासून करून घेतलं. हे करताना एक क्रम पाळावा. आधी पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला ठिणगीसाठी उघडझाप करणारा संपर्क, मग टायमिंग. पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजते, गॅप कमी होतो आणि टायमिंग आपोआप मागे सरकतं. गॅप न बघता टायमिंग लावलं, तर पुढच्या वेळी कोणी गॅप नीट केला की ते पुन्हा पुढे जाणार. फेरे वाढले की ठिणगी आधी आणणारी वजनं डिस्ट्रिब्युटरमध्ये असतात; आमच्याकडे त्यांच्या स्प्रिंगा सैल पडल्या होत्या, त्यामुळे फेरे जरा वाढले की ठिणगी हवी त्याहून आधी पडायची. म्हणजे मूळ दुखणं हेच, आणि मी वर्षभर महाग पेट्रोल भरून ते झाकत होतो. स्प्रिंगा बदलल्या, कार्बन काढला, मग लाईट लावून टायमिंग. डिस्ट्रिब्युटर एक अंश फिरवला की क्रँकला दोन अंशांचा फरक पडतो, त्यामुळे हात अगदी हलका हवा.

इथे एक धोका सांगतो. आवाज पूर्ण बंद होईपर्यंत टायमिंग मागे नेणारे पुष्कळ आहेत. तसं करू देऊ नका. ठिणगी उशिरा पडली की पेट्रोल उशिरापर्यंत जळत राहतं, उष्णता सायलेन्सरच्या वाटेने आणि हेडमध्ये जाते, गाडी ओढत नाही आणि तापते. मालक मग रेडिएटरवर खर्च करत बसतो.

साधं पेट्रोलही आता पूर्वीचं राहिलेलं नाही. एके काळी ते ८७-८८ ऑक्टेनचं होतं, २००० साली त्यातलं शिसं गेलं, पुढे ९१ झालं, आणि २० टक्के इथेनॉलमुळे आता ९५ च्या घरात आहे, कारण इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०८ च्या आसपास. त्याचा त्रासही आहेच: हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, जुनी रबरं फुगतात, ॲव्हरेज थोडं पडतं. आम्ही कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा मेन जेट एक नंबर मोठा टाकला, नळ्या आणि डायफ्राम बदलले. हा खर्च एकदाच झाला.

ज्यांची गाडी महिनोन्महिने उभी असते, किंवा शहरातच फिरते आणि पंप वाटेवर आहे, त्यांनी १०० ऑक्टेन जरूर भरावं. इथेनॉल ओलावा धरतं, उभ्या गाडीच्या टाकीला ते बरं नाही. हेड फार घासलं गेलं असेल तर कदाचित तुमच्यापुढे दुसरा इलाजही नसेल. बाकीच्यांनी माझ्या मते आधी चांगला मिस्त्री गाठावा. मुंबईच्या कितीतरी पद्मिनी टॅक्स्या सीएनजी येण्याआधी वर्षानुवर्षं साध्या पेट्रोलवर चालल्या. त्यांतली शेवटची नोंदणीकृत टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. नुसत्या कानाने टायमिंग लावणारे हात त्या टॅक्स्यांवरच तयार झाले होते आणि आता ते कमी होत चाललेत.

डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी आणि ब्लॉकवर मिस्त्रींनी पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून दिली आहे, दोन वर्षांत ती मला हलवावी लागलेली नाही. परवाच चिपळूणहून आलो. कुंभार्ली चढताना पाय दाबला की क्षणभर किणकिण होते आणि लगेच थांबते. मिस्त्रींनी तेवढी मुद्दाम ठेवली आहे.