मक्याचे फुटवे: काढावेत की राखावेत?

मका गुडघ्याएवढा झाला की बुंध्याशी फुटवे, म्हणजे बाजूचे कोंब, दिसतात आणि मजूर विचारतात, मोडायचे का? निरोगी पिकात उत्तर सोपे आहे. मोडून कणसाचे वजन वाढत नाही. मजुरी जाते आणि बुंध्याला जखम होते ती वेगळीच. ठेवले तरी दाट पेरणीत सावलीमुळे ते बहुधा आपोआप वाळतात. म्हणजे तिथे दोन्ही सारखेच, फक्त एकाला खर्च आहे.

लष्करी अळीने किंवा गारांनी पाने गेली की पारडे फुटव्यांकडे झुकते. अमेरिकेतल्या इलिनॉयचे संशोधक डंगन यांनी 1931 साली दाखवले होते, की काही परिस्थितीत फुटवा मुख्य ताटाला अन्न पुरवतो. दोघे बुंध्याशी जोडलेले असतात. मुख्य ताटाची पाने गेली आणि फुटव्याला स्वतःचे कणीस नसेल, तर त्याच्या पानांतली साखर मुख्य कणसात दाणे भरायला जाते. कणीस धरलेला फुटवा मात्र आपले आधी पाहतो. त्यामुळे अशा वेळी बिनकणसाचा, रिकामा वाटणारा फुटवाच कामाचा, आणि नेमका तोच आधी उपटला जातो!

पण हा आधार कधी मिळेल, ते पानगळीच्या वेळेवर ठरते. पाच-सहा पानांपर्यंत वाढीचा कोंब जमिनीखाली असतो; पाने फाटली तरी मका स्वतःच सावरतो. तुरा आणि केसर येताना सगळी पाने गेली तर जवळपास सगळे उत्पन्न जाते, तिथे दोन बारीक फुटवे काय पुरणार? उपयोग होतो तो पाने अर्धवट गेल्यावर, तेही फुटवा उंच आणि हिरवा असेल तर. पोंगाच (मधला वाढता शेंडा) मेला असेल, तर फुटवा वाढतो, पण त्याचे कणीस उशिरा आणि लहान येते. कधी तुऱ्यातच चार दाणे धरतात. त्यावर धान्याचा हिशेब मांडू नये.

60 × 20 सेंटिमीटरवर भरगच्च प्लॉट असेल तर फुटव्यांचा विचारच सोडा. नांग्या (रोपांविना रिकाम्या जागा) पडलेल्या किंवा विरळ, खत-पाणी भरपूर असलेल्या रानात ते जोमाने येतात, तिथे राखा. हलक्या रानात पाणी तुटपुंजे असेल तर ते पाणी ओढतात, तरी त्यासाठी मजूर लावावा असे मला वाटत नाही.

चाऱ्याच्या मक्यात तर प्रश्नच नाही, फुटवा म्हणजे जास्तीची वैरण. फक्त पोंग्यात औषध मारले असेल, तर लेबलवरचा प्रतीक्षा काळ संपल्याशिवाय जनावरांपुढे टाकू नका.