‘देवाच्या कामात भाव करू नये’ म्हणून गप्प बसले आणि २,८०० रुपये गेले

आमच्या परभणीच्या घरी तुळजाभवानीची पितळी मूर्ती आहे. सासूबाईंनी तुळजापूरहून आणलेली. दर नवरात्रात देवीचं नवं वस्त्र त्या स्वतः हातानं शिवायच्या. त्यांचं वर्षश्राद्ध झालं आणि त्यानंतरचं पहिलं नवरात्र माझ्यावर आलं. मला शिवण येत नाही. देवीला काही कमी पडू नये, एवढं एकच मनात होतं.

घटस्थापनेच्या पंधरा दिवस आधी गावातल्या एका मंगल कार्यालयात प्रदर्शन लागलं. एका टेबलावर नुसते देवाचे कपडे होते. बाळकृष्णाची झबली, गणपतीची सोवळी-उपरणी, विठ्ठल-रुक्मिणीचे जोड. मी मोबाइलमधला देवीचा फोटो दाखवला. तो माणूस म्हणाला, “ताई, पैठणला हातमागावर विणलेल्या खऱ्या पैठणीचं वस्त्र शिवून देतो. अस्सल रेशीम, खरी जर. उंची किती?” सात इंच, मी सांगितलं. “मग पाच नंबर.” मूर्ती मापाला आणू का विचारलं, तर म्हणे गरज नाही, नंबर ठरलेले असतात. किंमत २,८०० रुपये. थोडं कमी करा म्हणायला मी तोंड उघडलं तोच तो म्हणाला, “देवाच्या कामात भाव करू नये, ताई.”

मी गप्प झाले. सासूबाईंचा चेहरा डोळ्यांपुढं आला. सगळे पैसे तिथंच मोजून दिले, पावतीकडं नीट बघितलंसुद्धा नाही. मी फसले ती त्या एका वाक्यानं. साडी घेताना दहा वेळा उलटसुलट करून पाहणारी मी, देवीचं वस्त्र म्हटल्यावर हात लावून बघायलाही संकोचले.

पार्सल आलं ते घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी. रंग सुंदर, गडद राणी. पण देवीला नेसवायला घेतलं आणि अर्धा तास नुसती झटापट. आमची देवी अष्टभुजा. वस्त्राला बाह्या दोनच, त्याही पुढं शिवून बंद केलेल्या. सहा हात कुठून काढायचे? खालचा घेर बाळकृष्णाच्या घागऱ्यासारखा गोल, त्यामुळं पायाशी असलेला महिषासुर पार झाकून गेला आणि कापड चार बोटं पुढं लोळायला लागलं. सात इंच उंची होती ती बैठक आणि प्रभावळीसकट. देवीची खांद्यापासून पावलांपर्यंतची उंची जेमतेम साडेचार. आणि ते ‘नंबर’ मुळात बसलेल्या किंवा रांगत्या बाळकृष्णाच्या कपड्यांचे, तेसुद्धा दुकानागणिक वेगळे. उभ्या, आठ हातांच्या देवीला ते लागू पडतच नाहीत. शेवटी मागून उसवलं, टाचण्या लावल्या. देवीच्या अंगाला टाचण्या लावताना माझे हात थरथरत होते.

दुसऱ्या माळेला झेंडूचा ओला हार घातला. संध्याकाळी हार काढला तर चौरंगावरच्या पांढऱ्या कापडावर गुलाबी ओघळ, देवीच्या गळ्याशी पितळेवरही तोच रंग. तेव्हा मात्र मनात पाल चुकचुकली. काठाचा एक धागा ओढून चिमट्यात धरला आणि देवघरापासून लांब, ओट्यावर काडी ओढून पेटवला. रेशीम जळलं की केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. हा धागा आक्रसला, वितळला आणि त्याची काळी टणक गोळी झाली. म्हणजे सरळ पॉलिस्टर. जरीचंही तसंच, चांदी-सोन्याचं नाव नाही, नुसती चकाकती प्लॅस्टिकची पट्टी. नऊ दिवस अखंड नंदादीप तेवतो त्याच्या शेजारी हे कापड ठेवलं होतं, या विचारानं अजून अंगावर काटा येतो.

मग वस्त्र उलटं करून बघितलं. हे मी टेबलापाशीच करायला पाहिजे होतं. हातमागावरच्या पैठणीची नक्षी मागच्या बाजूलाही पुढच्यासारखीच स्वच्छ असते, कारण प्रत्येक रंगाचा धागा शेजारच्या धाग्यात अडकवून विणतात. माझ्या वस्त्राच्या मागं कापलेल्या धाग्यांचं जंगल होतं. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, म्हणजे ठरावीक भागात बनलेल्या मालालाच ते नाव लावता येतं. तेवढ्या नावावर कुणीही काहीही खपवतं आणि बदनाम होतात पैठणचे विणकर, याचं मला जास्त वाईट वाटतं. अस्सल रेशमावर सिल्क मार्कचं होलोग्राम असलेलं लेबल मिळतं. ते मागितलं तर कुणाला राग यायचं कारण नाही.

त्या विक्रेत्याचा फोन दोन दिवस वाजला, मग बंद. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. त्यांनी नीट ऐकून घेतलं, पण विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि बिल मागितलं. माझ्या पावतीवर पेनानं लिहिलं होतं, ‘पोशाख १, २८००’. ना दुकानाचं नाव, ना पत्ता, ना ‘रेशीम’ हा शब्द. पैसे परत मिळाले नाहीत.

पाचव्या माळेला सेलूहून जाऊबाई आल्या. त्यांनी वर्तमानपत्राचा कागद देवीपुढं धरून आधी त्याचाच आकार कापला. मग दोऱ्यानं माप घेतलं. खांद्यापासून पावलापर्यंत, बैठक सोडून. कमरेचा घेर वेगळा, हातांच्या खालून छातीचा वेगळा, आणि दोन्हीकडच्या हातांच्या मधली जागा वेगळी. घरातला इरकली काठाचा सुती खण काढून रात्रभर पाण्यात ठेवला, रंग जातो का बघायला. निऱ्या फक्त पुढं, मागं नाड्या. हातांमधून काही ओढायचंच नाही, पुढून लावायचं आणि पाठीशी बांधायचं. महिषासुर मोकळा, आठही हात मोकळे. सातव्या माळेला देवी ते वस्त्र नेसून बसली तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, “आता सासूबाईंनी नेसवल्यासारखी दिसतीय बघ.”

यंदा महालक्ष्म्यांच्या आधी शेजारच्या दोघी प्रदर्शनाला निघाल्या होत्या, मुखवट्यांसाठी साड्या आणि घरच्या बाळकृष्णाला पोशाख घ्यायला. त्यांना दारातच थांबवलं, आत नेलं, आणि ते राणी रंगाचं वस्त्र उलटं करून त्यांच्या हातात दिलं. कागदात बांधून ठेवलेली ती काळी गोळीही दाखवली.