रोथेनबुर्ग की बाम्बेर्ग? न्यूरेंबर्गहून एकच दिवस असेल तर

जर्मनीतल्या न्यूरेंबर्गजवळची ही दोन जुनी गावं. फोटो बघून ठरवायचं असेल तर रोथेनबुर्गच जिंकणार. हातात एकच दिवस असेल तर मी मात्र बाम्बेर्गला जा म्हणेन.

एक तर प्रवास. बाम्बेर्गला थेट गाडी आहे, पाऊण तासाच्या आसपास लागतो. रोथेनबुर्गला बहुधा दोनदा गाडी बदलायची, शेवटची श्टाइनाखला. ती चुकली की बसा फलाटावर. बायर्न तिकीट (बव्हेरिया राज्यातलं एका दिवसाचं रेल्वे तिकीट) दोन्हीकडे चालतं, पण सोमवार ते शुक्रवार सकाळी 9 नंतरच, आणि आयसीई या वेगवान गाडीत नाही.

दुसरं, ‘जुनं’ म्हणजे नक्की किती जुनं? 31 मार्च 1945 च्या बॉम्बहल्ल्यात रोथेनबुर्गच्या जुन्या गावाचा सुमारे 40 टक्के भाग पडला, मुख्यतः पूर्वेकडचा. तो पुन्हा जुन्यासारखाच बांधला, इतका बेमालूम की सांगितल्याशिवाय कळत नाही. तटावर चढलात की कळतं. भिंतीत देणगीदारांच्या नावांचे दगड बसवलेत, त्यांत जपानी नावंही आहेत. मला तिथे हा तटच सगळ्यात आवडला: वर छप्पर, तिकीट नाही, पावसातही खुशाल चाला.

बाम्बेर्गला युद्धाची झळ त्या मानाने कमी लागली. 1993 पासून ते युनेस्कोच्या यादीत आहे. जुना टाउनहॉल चक्क नदीत, पुलाच्या मधोमध उभा आहे. बिशप जागा देईना म्हणून गावकऱ्यांनी नदीतच बांधला, अशी कथा सांगतात. त्याच्या रंगवलेल्या भिंतीवर एक गुबगुबीत देवदूत शोधा: अंग चित्रातलं, पाय मात्र खराखुरा भिंतीबाहेर लोंबतोय!

रीमनश्नायडर या जुन्या जर्मन शिल्पकाराचं काम दोन्हीकडे आहे. बाम्बेर्गच्या कॅथेड्रलमध्ये सम्राट हाइनरिश आणि कुनिगुंडेची दगडी समाधी, रोथेनबुर्गच्या सेंट याकोब चर्चमध्ये लाकडी वेदी. लाकूडकामाची आवड असेल तर वेदीसाठी वाट वाकडी करा.

खाण्यापिण्यात रोथेनबुर्गचा श्नेबाल म्हणजे पिठाच्या पट्ट्यांचा तळलेला गोळा. दिसतो झकास, लागतो कोरडा. आपला चिरोटा कितीतरी बरा. बाम्बेर्गची राउखबिअर, म्हणजे धुराच्या चवीची बिअर, पहिल्या घोटाला चुलीच्या धुरासारखी लागते, अर्धा ग्लास गेल्यावर जमते.

मुक्काम करणार असाल तर मात्र माझं उत्तर उलटं. संध्याकाळी सहलीच्या बसेस गेल्या की रोथेनबुर्ग रिकामं होतं, आणि मोसमात रात्री 8 ला रातपहारेकरी कंदील घेऊन चौकात येतो. त्याची इंग्रजी फेरी चुकवू नका.