एसओडी की कॅटालेज, अटॅकनंतर हृदयाला कोण सांभाळतं?

अटॅकनंतर बंद पडलेली रक्तवाहिनी उघडली की ऑक्सिजन परत येतो, आणि नेमकं तेव्हाच सुपरऑक्साइड (ऑक्सिजनचं घातक रूप) भराभर तयार होऊन पेशींना अजून इजा होते. एसओडी (सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे एन्झाइम) त्याला पकडतं खरं, पण त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करून ठेवतं, आणि तेही घातकच, म्हणजे काम अर्धंच झालं ना. पुढे कॅटालेज हे दुसरं एन्झाइम त्याचं थेट पाणी आणि ऑक्सिजन करतं, फक्त हृदयात ते लिव्हरच्या मानाने खूपच कमी असतं, त्यामुळे ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या तिसऱ्या, तेच काम करणाऱ्या एन्झाइमवर भार येतो (त्याला सेलेनियम लागतं).

तरी मला एसओडीच जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण १९९५ च्या प्रयोगात मायटोकॉन्ड्रियातलं (पेशीला ऊर्जा देणाऱ्या भागातलं) एसओडी नसलेली उंदरांची पिल्लं हृदय मोठं होऊन १० दिवसांत गेली, कॅटालेज नसलेले उंदीर मात्र नॉर्मल वाढतात.