बेंगळूरला गेलं की रहायचं कुठं? बेळगावकरांसाठी मल्लेश्वरमचा रिव्ह्यू

बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठलाही माणूस बेंगळूरला निघाला की घरातलं कोणीतरी म्हणतंयच, मॅजेस्टिकला लॉज बघा, स्टँडपासून जवळ पडतंय. आमच्या वडलांच्या पिढीला ते बरोबर होतं, लाल बस रात्रभर चालून सकाळी मॅजेस्टिकच्या स्टँडवर सोडायची, रेल्वे स्टेशन समोरच, आणि शहर पण तेव्हा एवढं पसरलेलं नव्हतं. आता मात्र मी सगळ्यांना सांगते, एका दिवसापेक्षा जास्त काम असेल आणि बरोबर बायकापोरं नाहीतर वयस्क माणसं असतील तर मल्लेश्वरमला रहा. आम्ही बहिणी-बहिणी भाचीच्या अ‍ॅडमिशनच्या कामासाठी तिथं राहिलो आणि नंतर परत गेलो तेव्हा दुसरीकडं बघितलंच नाही.

आमच्याकडची बरीच पोरं सीईटी देतात, आणि ती सीईटी घेणाऱ्या केईएचं, म्हणजे कर्नाटक परीक्षा प्राधिकाराचं ऑफिस मल्लेश्वरममध्येच आहे, संपिगे रोडवर अठराव्या क्रॉसला (क्रॉस म्हणजे नंबर दिलेली आडवी गल्ली). आता बरंच काम ऑनलाईन होतंय पण एखादं कागदपत्र अडकलं, आरक्षणाच्या सर्टिफिकेटचा घोळ झाला की माणूस तिथं जातोच. मॅजेस्टिकला राहून सकाळच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षा शोधत बसण्यापेक्षा आम्ही रूमवरून चालत ऑफिसला गेलो, एक झेरॉक्स कमी पडली तर परत रूमवर येऊन घेऊन गेलो. पोरीच्या तोंडावरचं टेन्शन निम्मं तिथंच उतरलं बघा.

जायचं कसं ते सांगते. रात्रीच्या गाडीनं, म्हणजे बेळगाव-बेंगळूर सुपरफास्ट नाहीतर मिरजेकडून येणारी राणी चन्नम्मा, शेवटपर्यंत जायची गरज नाही. एक स्टेशन अलीकडं यशवंतपूरला उतरायचं. तिथून मल्लेश्वरमची वरची बाजू, अठराव्या क्रॉसकडची, रिक्षानं अगदी थोड्या अंतरावर आहे. बॅगा कमी असतील तर मेट्रो पण आहे, यशवंतपूरला हिरवी लाईन मिळते, ती संपिगे रोड स्टेशनला आणून सोडते, तिथं मंत्री मॉलला लागूनच उतरतो आपण, पण ही खालची बाजू झाली हं, म्हणजे पहिल्या-दुसऱ्या क्रॉसकडची. रूम कितव्या क्रॉसला आहे हे बघून ठरवा, कारण पहिला ते अठरावा क्रॉस हे बॅगा घेऊन चालायचं अंतर नव्हे. प्रायव्हेट स्लीपर बसनं गेला तर गोरगुंटेपाळ्यला उतरा, तिथं पण हिरवीच लाईन आहे. 2025 च्या ऑगस्टपासून वंदे भारत पण झाली आहे, पहाटे बेळगावातून सुटून दुपारी पोचते, ती पण यशवंतपूरला थांबते, आणि हॉटेलच्या चेक-इनच्या दृष्टीनं ही वेळ लई सोयीची. रात्रीच्या गाडीनं भल्या सकाळी पोचलं की बरीच हॉटेलं बाराशिवाय रूम देत नाहीत, त्यामुळं फोन करून आधी विचारून घ्या, सकाळी लवकर आलो तर रूम देणार का आणि त्याचे वेगळे पैसे घेणार का.

आता राहण्याचा अनुभव. मल्लेश्वरम हे ठरवून वसवलेलं गाव आहे, 1898 च्या प्लेगनंतर गर्दीतून माणसं बाहेर काढायला जे नवीन भाग केले त्यातला. म्हणून रस्ते सरळ, क्रॉसना नंबर, झाडं भरपूर. पहिल्यांदा आलेला माणूस सुद्धा चुकत नाही, संपिगे रोड आणि मार्गोसा रोड हे दोन एकमेकांच्या बाजूनं जाणारे रस्ते, त्यांना छेद देणारे क्रॉस, बस. संध्याकाळी आजूबाजूला साधी घरातली माणसं दिसतात, आज्या देवळाला निघालेल्या, पोरं क्लासला, बायका आठव्या क्रॉसला भाजी-फुलं घ्यायला. आम्हाला बेळगावच्या टिळकवाडीत राहिल्यासारखंच वाटलं. रात्री साडेनऊला आम्ही तिघी आईस्क्रीम खाऊन चालत आलो, कोणी मान वर करून बघितलं नाही. बायकांनी एकट्यानं जायचं असेल तर ही गोष्ट माझ्या दृष्टीनं रूममधल्या एसीपेक्षा मोठी आहे.

खाण्याचं तर विचारूच नका. सातव्या क्रॉसजवळ मार्गोसा रोडवर सीटीआर हॉटेल, तिथला बेन्ने म्हणजे लोण्याचा मसाला डोसा, बाहेरून कडक आतून लोण्यासारखा, गर्दी असते, उभं रहावं लागतंय, दुसऱ्याच्या टेबलावर बसायची तयारी ठेवा. पंधराव्या क्रॉसकडं वीणा स्टोअर्स, बसायला जागा नाही, फुटपाथवर प्लेट हातात घेऊन इडली खायची, चटणी पातळ आणि भरपूर. मला सीटीआरपेक्षा वीणाची इडलीच जास्त आवडली, बहीण अजून भांडते यावरून. आणि रोज डोसा-इडली खाऊन आमच्यासारख्या भाकरीवाल्यांना कंटाळा येतोच, तर संपिगे रोडवर हळ्ळी मने हॉटेल आहे, तिथं तांदळाची अक्की रोटी, नाचणीची रोटी मिळते. ज्वारीची भाकरी आणि भरल्या वांग्याचं एण्णेगायीच पाहिजे असेल तर मॅजेस्टिकजवळच्या गांधीनगरात उत्तर कर्नाटकाच्या खानावळी आहेत, मेट्रोनं एक स्टेशन.

पंधराव्या क्रॉसजवळ काडु मल्लेश्वराचं देऊळ आहे, त्याच्यावरूनच भागाला नाव पडलंय. हे देऊळ मराठी माणसानं बघायलाच पाहिजे. शहाजीराजांची जहागीर बेंगळूरला होती, शिवाजी महाराज लहानपणी तिथं राहून आलेले, हे आपण शाळेत शिकतो पण तिथं गेल्यावर शोधायचं कुठं ते कळत नाही. या देवळात 1669 चा शिलालेख आहे, एकोजीराजांनी म्हणजे महाराजांच्या सावत्र भावानं देवळाला गाव इनाम दिल्याचा. समोरच नंदीतीर्थ आहे, नंदीच्या तोंडातून पाणी खाली शिवलिंगावर पडत असतंय. आमच्या आईला हे सगळं फोनवर सांगितलं तर ती म्हणाली पुढच्या वेळी मला घेऊन चला, आणि खरंच घेऊन गेलो. सकाळी लवकर जा, मोठी झाडं आहेत, गार असतंय.

कमी काय ते पण सांगायला पाहिजे. हॉटेलं मॅजेस्टिकच्या मानानं कमीच आहेत आणि भाडं थोडं जास्त पडतंय. लग्नसराईत रूम मिळणं अवघड. संपिगे रोडवर तोंड असलेली रूम घेऊ नका, हॉर्न रात्री उशिरापर्यंत, आतल्या क्रॉसची मागा. स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांनी पार्किंग आधी पक्कं करा, रस्ते वन-वे आहेत आणि गाडी लावायला जागा शोधण्यात जीव जातोय. रिक्षावाले मीटरनं येतीलच असं नाही, अ‍ॅपवरून बोलवलेलं बरं.

मॅजेस्टिक अगदीच टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. रात्री उतरून पहाटेची बस पकडायची असेल, एकटा गडीमाणूस असेल, पैसे कमी असतील तर तिथंच रहावं. तिथल्या बऱ्याच लॉजना चोवीस तासाचं चेकआऊट असतंय, म्हणजे सकाळी सातला रूम घेतली तर दुसऱ्या दिवशी सातपर्यंत आपली. लग्नाचा बस्ता बांधायला चिकपेठेत जाणार असाल तरी मॅजेस्टिक जवळ, पण रविवार सोडून जा, बरीच दुकानं बंद असतात. मराठी माणसांचं महाराष्ट्र मंडळ पण गांधीनगरातच आहे, आणि नगरथपेठेच्या सराफ गल्ल्यांत सांगलीकडची गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळणारी मंडळी भेटतात, आपल्या भाषेत बोलायला मिळतंय. पण मॅजेस्टिकच्या स्टँडबाहेर पडल्या पडल्या रूम रूम करत मागं लागणारे एजंट, त्यांच्या मागं जाऊ नका. आमच्या एका नातेवाइकांना एका लॉजवर अ‍ॅपवरचं बुकिंग दाखवून सुद्धा रूम नाही म्हणून सांगितलं आणि दुप्पट भाड्याची रूम गळ्यात मारली, बरोबर तापानं फणफणलेलं लेकरू होतं त्यांच्या. बुकिंग झाल्यावर लॉजला स्वतः फोन करून नाव विचारून घ्या.

आणि स्टेशनचं एक. मॅजेस्टिकसमोरचं जे शेवटचं स्टेशन त्याला क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णाचं नाव दिलंय, संगोळ्ळी आपल्याच जिल्ह्यातलं, आणि 1831 ला त्यांना फाशी दिली ते नंदगड तर खानापूर तालुक्यात. माझ्या भाचीला हे माहीत नव्हतं, आता ती नंदगडला जाऊन समाधी बघून आली.

बाकीच्या भागांचं थोडक्यात सांगते. बसवनगुडी-गांधीबाजार हा पण सुंदर भाग, विद्यार्थी भवनचा डोसा, दोड्ड गणपती, बसवण्णाचं देऊळ, मल्लेश्वरममध्ये रूम मिळाली नाही तर डोळे झाकून इथं जा. निमहान्स, किडवाई नाहीतर जयदेव हॉस्पिटलचं काम असेल तर मल्लेश्वरमचा हट्ट करू नका, जयनगरच्या बाजूला रहा, पेशंटला रोज शहर ओलांडून नेणं बरं नाही. कोरमंगला, इंदिरानगर तरुण पोरांना आवडतात, मला तिथं रात्रीचा आवाज आणि भाडं दोन्ही झेपत नाही. पोरगं व्हाईटफिल्डला नाहीतर इलेक्ट्रॉनिक सिटीला नोकरीला असेल आणि त्याची रूम लहान असेल तरी मल्लेश्वरममधून जाता येतंय, व्हाईटफिल्डला मॅजेस्टिकमध्ये बदलून जांभळी लाईन पकडायची, इलेक्ट्रॉनिक सिटीला आर.व्ही. रोडला पिवळी. वेळ भरपूर लागतोय पण ट्रॅफिक नाही. फेब्रुवारी 2025 ला मेट्रोची तिकिटं बरीच वाढली, लांबच्या पल्ल्याला 90 रुपयांपर्यंत गेली, चार माणसं असतील तर जाऊन-येऊन हिशोब करा.

बायकांना बीएमटीसीच्या, म्हणजे शहरातल्या सरकारी साध्या बसमध्ये शक्ती योजनेत तिकिटाचे पैसे लागत नाहीत, आधार कार्डासारखं ओळखपत्र कर्नाटकच्या पत्त्याचं पाहिजे. मेट्रोला आणि एसी बसला हे चालत नाही. कोल्हापूरची नणंद नाहीतर गडहिंग्लजची मावशी बरोबर असेल तर तिचं तिकीट काढा, कंडक्टरशी वाद घालून उपयोग नाही.

रूम बघण्याच्या आधी परतीचं रेल्वे तिकीट बघा. रिझर्व्हेशन 60 दिवस आधी उघडतंय आणि गणपती-दसरा-दिवाळीला बेळगावची गाडी पटकन भरते. तिकीट कुठल्या दिवसाचं मिळालं त्यावर रूम किती रात्री घ्यायची ते ठरवा, आणि शेवटच्या दिवशी बाराला चेकआऊट करून बॅगा रिसेप्शनला ठेवू देतात का ते विचारून ठेवा, आम्हाला तरी ठेवू दिल्या, म्हणून रात्रीच्या गाडीपर्यंत दिवसभर मोकळ्या हातानं फिरता आलं.