गच्चीवरचे एसी युनिट: हवेने थंड होणारे की पाण्याने?

हवेने थंड होणाऱ्या युनिटचा कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारा भाग) बाहेरच्या तापमानावर अवलंबून असल्याने नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात कॉम्प्रेसरवरचा दाब वाढतो आणि वीज अधिक लागते. पाण्याने थंड होणाऱ्या युनिटला मात्र कूलिंग टॉवरमुळे (यात थोड्या पाण्याची वाफ होऊन उरलेले थंड होते) तिथल्या कोरड्या हवेचा मोठा फायदा मिळतो, जो दमट मुंबईत बराच घटतो. देखभालीत पारडे फिरते. पहिल्या प्रकारात फिल्टर बदलणे आणि वीजपुरवठा बंद करून कंडेन्सरची कॉइल कमी दाबाच्या पाण्याने धुणे, एवढ्यावर बहुतेक वेळा भागते. समुद्राजवळ मात्र खारी हवा ॲल्युमिनिअमच्या पात्या खाते. दुसऱ्यात क्षार, शेवाळ आणि फुप्फुसांचा आजार करणारे लिजिओनेला जिवाणू यांच्यासाठी पाण्यावर सतत प्रक्रिया करावी लागते आणि वाफ होऊन गेलेले पाणी भरत राहावे लागते, त्यामुळे टँकरवर भागवणाऱ्या इमारतीने तो न घेतलेलाच बरा.