स्वतःचं ग्राफिक्स कार्ड की कोलॅब?

नाशिकला गंगापूर रोडला राहणारी माझी भाची एआय शिकतेय. स्वतःचं ग्राफिक्स कार्ड घ्यावं की गुगल कोलॅबवर, म्हणजे ब्राउझरमधून गुगलचे संगणक वापरू देणाऱ्या सेवेवर भागवावं, यात अडकलीय. जाहिरातीतला वेग सोडा, आधी कार्डाची मेमरी बघा. एआय मॉडेल म्हणजे अब्जावधी आकडे. त्यांचे गुणाकार कार्डातले हजारो छोटे कोअर एकाच वेळी करतात, पण आकडे मेमरीत मावले तरच. ७ अब्ज आकड्यांचं मॉडेल, प्रत्येक आकडा १६ बिटांत साठवला तर १४ जीबी खातं, कमी नेमकेपणानं ४ बिटांत साठवला तर साधारण साडेतीन. आरटीएक्स ३०६० या कार्डाच्या १२ जीबीत हे ४ बिटांचं आरामात बसतं. कोलॅबवर फुकटात बहुतेकदा १६ जीबीचं टी४ हे कार्ड मिळतं, पण सेशन मध्येच तुटतं, जतन न केलेलं काम जातं. मला तेच खुपतं. कार्डाला खर्च एकदम मोठा, वर वीजबिल आणि नाशिकच्या एप्रिलात कार्डाची उष्णता. नुकती सुरुवात असेल तर कोलॅबच. रात्रभर प्रयोग चालवायचे असतील किंवा डेटा घराबाहेर जाऊ द्यायचा नसेल, तर कार्ड.